गाडीनं खाल्लेल्या शिव्या

“काय गं भवाने, लाज नाही वाटत? लेकराच्या उशाशी रात्रभर घाण मारतेस?”

मावशी गाडीला बोलत होती. मोटरसायकल जावयाची, आणि जावई शेजारीच हाताची घडी घालून उभा. जावयाला तोंडावर बोलायचं नाही, एवढं मावशी पाळायची. पण गॅरेज तिचं, पाना तिच्या हातात. गाडीला बोलायला तिला कोण अडवणार? पंक्चर काढायला थांबलेला स्कूटरवाला मान खाली घालून हसत होता. नवरा गेल्यावर गाळा भाड्यानं देऊन घरी बस म्हणणारे खूप भेटले. ती बसली नाही. काम नवऱ्याकडून शिकली होती, शिव्या मात्र तिच्या स्वतःच्या.

सकाळीच लेकीचा फोन आलेला. खोलीत पेट्रोलचा वास येतो, बाळ ओकतं; आणि हे म्हणतात, तुझं नाकच बिघडलंय. घर दोन खोल्यांचं. रात्री गाडी आत, भिंतीपलीकडं शेगडी. मावशीनं जावयाला गाडीसकट बोलावून घेतलं.

“थेंब तरी दिसतो का, आई?” जावई म्हणाला. “फरशी कोरडी ठणठणीत असते.”

थेंब खरंच नव्हता. टाकी बाहेरून कोरडी, तिच्याखालचा पेट्रोलचा कॉक कोरडा. त्यानं मावशीचं डोकं आणखीच फिरलं. तिनं इंजिनातलं ऑइल मोजायची कांडी काढली, पुसून परत घातली, पुन्हा काढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर, पाण्यासारखं पातळ, आणि वास पेट्रोलचा.

“पोट कशानं वाढलं गं तुझं? दिवस गेलेत?”

स्कूटरवाला फिसकन हसला. जावई नाही हसला.

पेट्रोल इंजिनात उतरत होतं. मग बाहेर का पडत नव्हतं? कार्ब्युरेटरला एक बारीक नळी असते, जादाचं पेट्रोल बाहेर टाकणारी. मावशी ती बोटांनी चाचपत टोकापर्यंत गेली. टोकात स्क्रू पिळून बसवलेला, वरून तारेनं आवळलेला.

“हे कुणी केलं गं?”

“मीच केलं,” जावई म्हणाला. “फरशीवर डाग पडायचे. तेव्हापासून एक थेंब नाही.”

मावशीनं तार तोडली, स्क्रू उपटला. पेट्रोलची धार तिच्या तळव्यावर लागली. आता बोलायला गाडी मध्ये राहिली नाही.

“आतली पिन झिजलीय, ती पेट्रोल अडवत नाही. ही नळी बोंबलून सांगत होती. तुम्ही तिचं तोंड दाबलंत, आणि वर माझ्या पोरीचंच नाक बिघडलंय म्हणालात! भिंतीपलीकडं ती रोज काडी ओढते, जावईबापू. बाळ कडेवर असतं.”

“मग टाका नवी पिन. गाडी रात्री आतच राहील; बाहेर लावली तर चोर नेतील.”

“नेऊ देत. गाडीच नेतील ना?”

मावशीनं कॉक बंद केला, पाइप ओढला, सीट काढली, बोल्ट सोडले आणि टाकी उचलून फळीवर, टायरांच्या मागं, ठेवून दिली.

“पिन टाकते, ऑइल बदलते. टाकी मिळणार नाही. दाराबाहेर पत्रा ठोका, गाडी तिथं उभी करायची सोय करा. पत्रा लागल्याचा लेकीचा फोन आला की टाकी न्या.”

“आणि मी आता घरी कसा जाऊ?”

“पाय आहेत ना? ते तरी गळत नाहीत.” तिनं स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला. “हा तुमचा.”

जावई पाय आपटत गेला. मावशीनं हात चिंधीला पुसले आणि स्कूटरवाल्याकडं वळली.

“तू काय दात काढतोस? धर ते चाक.”