पेटीचा किल्ला

लेकीला ‘गिव्ह अप’चा अर्थ आणि विरुद्धार्थ हवा होता. मी ऐटीत सांगितलं, "अर्थ, सोडून देणं. पूर्वी किल्ला शत्रूच्या हवाली करण्यालाही हेच म्हणत. विरुद्धार्थ ‘कीप ऑन’. माणसानं लढत राहावं, बाळा!"

"उदाहरणात बाबांची पेटी लिही गं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

हौसेनं शिकायला आणलेली माझी हार्मोनियम इस्त्रीच्या कपड्यांखाली गाडली गेली होती. किल्ला कुणी एकदम देत नाही. आधी त्यावर एक शर्ट ठेवतो, मग दुसरा.

लेक माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. मी कपडे उचलले, भाता उघडला आणि जीव ओतून सा लावला. मग रे.

लेकीनं वही मिटली.

"बाबा," ती हळुवारपणे म्हणाली, "देऊन टाका ना किल्ला."