दाढीच्या साबणाची दुसरी वडी

न्हाणीघरातला साबण झिजत झिजत पापडाएवढा उरला की आपण तो टाकत नाही, नव्या वडीला चिकटवून टाकतो. आमच्या दामूच्या गोष्टींचं तसंच झालंय. एक सांगायला घेतली की मागची तिला चिकटलेली असतेच! मी अंड्याची सुरू केली की बापू ओरडतो, "थांब, आधी जिभेची!" म्हणून म्हटलं, आज सगळ्याच ओळीने सांगून टाकू.

स्वराज्य येऊन तीन-चार वर्षं झाली होती. डोंबिवलीत स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की भातशेती लागायची. तिथल्या एका बैठ्या चाळीत दामू आणि सुशीलावहिनी राहायचे, शेजारच्या खोलीत मी, आणि समोर बापू. बापू शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. आम्ही दोघे सडे. जेवण खानावळीत, चहा मात्र तिन्ही वेळा वहिनींकडे!

दामू ठाण्याला, कोलशेतच्या बाजूला, रंगाच्या एका कारखान्यात लॅबमध्ये होता. एक दिवस साहेबाशी कडाक्याचं भांडून भरदुपारी घरी आला आणि चपला काढायच्या आधी म्हणाला, "नोकरी सोडली. आता दाढीचा साबण काढणार. विलायती साबणाच्या तोंडात मारेल असा!"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "काढा. पण दसऱ्यापर्यंतच. तोवर एक तरी अनोळखी माणूस दुसरी वडी मागायला आपणहून दारात आला पाहिजे. नाही आला, तर तुमचे मामा म्हणतात ती नागपूरची नोकरी धरायची."

"दुसरी का?" मी विचारलं.

"पहिली कोणीही घेतं हो भावजी. दुसरी घेतली तर खरं."

दामूला नागपूर नको होतं. वहिनींनाही मनातून नको होतं, कारण त्यांचं माहेर कल्याणला, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं. आणि आमचं विचाराल तर आमचा चहाच नागपूरला चालला होता. तेव्हा आम्ही दोघे जिवाचं रान करायला तयार झालो.

*

साबणाला क्षार लागतो. दामूने तो केळीच्या खुंटांच्या राखेतून काढायचं ठरवलं. राख भिजवायची, वरचं पाणी काढून आटवायचं. ते पुरेसं कडक झालंय की नाही हे बघायला त्यात अंडं सोडतात. अंडं तरंगलं की पाणी तयार.

आता वहिनींच्या स्वयंपाकघरात अंडं! तरी त्यांनी अंगणापुरती परवानगी दिली. मी बाजारातून एक अंडं टोपीत घालून, टोपी छातीशी धरून, उघड्या डोक्याने घरी आलो. वाटेत दोघांनी विचारलं, "कोण गेलं?"

अंगणात पातेल्यात अंडं झकास तरंगत होतं, आणि नेमके नागपूरचे मामा फाटकातून आत आले! मामा म्हणजे कडक सोवळं. दामूच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे रे काय?" मामांनी वाकून विचारलं.

"हायड्रोमीटर आहे, मामा! पाण्याचा कडकपणा मोजायला!"

मामांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "विलायती दिसतोय."

"हो, हो. विलायतीच."

मामा हातपाय धुवायला वळले. दोन पावलं जाऊन थांबले आणि म्हणाले, "दामू, हायड्रोमीटरला तडा गेलाय. आतून पिवळं येतंय बघ."

*

साबण आटत आला की तो कच्चा की पक्का, हे जिभेला लावून कळतं. जीभ चरचरली तर क्षार जास्त आहे, आणखी उकळायचा. हे काम दामूने स्वतःकडे घेतलं. पहिल्या घाण्याचा तुकडा त्याने जिभेला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "फर्स्टक्लास! काही म्हणजे काही लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी त्या साबणाने दाढ्या केल्या. अर्ध्या तासात तिघांचे गाल टोमॅटोसारखे! बापू तसाच शाळेत गेला. हेडमास्तरांनी त्याला दारातच अडवलं आणि गोवर आलाय म्हणून घरी पिटाळलं. मी ऑफिसात दिवसभर फायलीआड बसून होतो.

संध्याकाळी वहिनींनी तोच तुकडा जिभेच्या टोकाला नुसता टेकवला आणि धावत जाऊन चूळ भरली. "अहो, आग आहे ही आग! तुम्हाला कशी कळली नाही?"

मग त्यांचं लक्ष दामूच्या पानाच्या डब्याकडे गेलं. दिवसाला पंधरा पानं, आणि प्रत्येकाला बोटभर चुना! त्या जिभेवर निखारा ठेवला असता तरी तो म्हणाला असता, "फर्स्टक्लास!"

त्या दिवसापासून साबण चाखायचं काम वहिनींकडे गेलं. संध्याकाळी त्या पदर खोचून पातेल्यापाशी यायच्या, तुकडा टेकवायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "परत उकळा." आम्ही परत उकळायचो. ज्या दिवशी त्या काही न बोलता आत निघून गेल्या, त्या दिवशी दामूने मला मिठी मारली.

बापू मात्र सुट्टी संपताना खाजगीत मला म्हणाला, "दाम्याला सांग, तो पहिला घाणा पुन्हा एकदा कर. सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत."

*

आता साबण जाणकाराला दाखवायचा. स्टेशनाजवळ गणपतचं केशकर्तनालय होतं. गणपतचा हात सोन्यासारखा, पण तोंड त्याहून चालू. दामूने चरबी वापरायची नाही असं ठरवलं होतं, सगळं खोबरेलावर. खोबरेलाचा फेस येतो भरपूर, पण टिकत नाही.

गणपतने मला खुर्चीत बसवलं, गालांवर हा ढीगभर फेस केला आणि वस्तरा हातात घेऊन आपल्या मेहुण्याच्या खटल्याची हकीकत सुरू केली. मेहुणा ठाण्याच्या कोर्टात पोचेपर्यंत माझा डावा गाल वाळला. पुन्हा फेस. वकील उभा राहिला, उजवा वाळला. पुन्हा फेस! असं चार वेळा झालं. निकाल लागला तेव्हा वडी निम्मी संपली होती.

दामू जीव मुठीत धरून बाकावर बसला होता. "कसा काय आहे साबण?"

गणपत गंभीरपणे म्हणाला, "साबण चांगलाय, शेट. पण मुक्या न्हाव्यासाठी आहे."

दामू आठवडाभर झोपला नाही. मग मेणबत्तीवाल्याकडून मेणबत्तीत घालतात ते स्टिअरिक आणलं, ग्लिसरीन घातलं आणि मेहुण्याची पूर्ण हकीकत पुरेल असा फेस तयार केला. त्या दिवशी गणपतने हकीकत दोनदा सांगितली!

*

साबण झाला, आता लेबल. ते अर्थातच बापूचं खातं. त्याने लाकडावर ठसा कोरला. डावीकडे छातीपर्यंत दाढी असलेला माणूस, उजवीकडे तोच माणूस गुळगुळीत गालांचा. चित्रं इतकी सुंदर की वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही शाळेत फुकट जाताय."

एका रविवारी बसून आम्ही चाळीस वड्यांना लेबलं गुंडाळली. कागद लांब, वडी गोल. एक टोक दुसऱ्यावर आणून खळीने घट्ट चिकटवायचं. शेवटची वडी झाल्यावर वहिनींनी एक हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली.

"अहो, दाढी केलेला माणूस कुठे गेला?"

आम्ही पाहिलं. तो खळीखाली गेला होता! चाळीसच्या चाळीस वड्यांवर फक्त दाढीवाला उरला होता, आणि काय ऐटीत बघत होता! काढायला जावं तर कागद फाटत होता आणि दुसरा कागद घरात नव्हता.

"राहू दे," दामू हताशपणे म्हणाला. "लोकांना आत काय आहे ते कळेलच."

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघे कल्याणला गेलो आणि वीस वड्या सॅम्पल म्हणून वाटल्या. प्रत्येकाकडून घराचा पत्ता तोंडपाठ करून घेतला. लोक चित्र बघायचे, आपल्या गालावरून हात फिरवायचे आणि वडी खिशात टाकायचे. बापू मान वर करायला तयार नव्हता.

*

श्रावण गेला, गणपती गेले, घट बसले. दारात कोणी आलं नाही. एकदा एक अनोळखी माणूस आला तेव्हा दामू जेवता जेवता पाटावरून उठून धावला. तो शेजारच्यांचं घर शोधत होता.

दसऱ्याच्या सकाळी ट्रंक, होल्डॉल आणि बांधलेला स्टोव्ह अंगणात होता. टांगा उभा होता. न्यायला आलेले मामा दर दोन मिनिटांनी घड्याळ काढत होते. वहिनी तुळशीला पाणी घालत होत्या, आणि ते किती वेळ घालत होत्या! मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू? बापू तर सरळ रडत होता. दामू टांग्यात चढला.

तेवढ्यात फाटकाशी कोणीतरी खाकरलं. मानपाड्याकडचा एक शेतकरी उभा होता. डोक्याला मुंडासं, आणि दाढी थेट छातीपर्यंत!

"साबनवालं हितंच ऱ्हातान ना?" त्याने मुंडाशाच्या घडीतून एक कागद काढला आणि नीट उलगडून समोर धरला. बापूचं लेबल होतं. "बाजारान दिलेला तो सरला. माना आनखी येक पायजे."

वहिनींनी तांब्या खाली ठेवला.

"मामा, ह्यांना तुम्ही ओळखता?"

"छे! मी कशाला ओळखतोय?"

"भावजी, तुम्ही?"

आम्ही दोघांनी माना हलवल्या. वहिनी ट्रंकेपाशी बसल्या, कुलूप काढलं आणि लुगड्यांच्या खालून एक वडी काढली. उरलेल्या वीसही वड्या तिथे नीट रचून ठेवलेल्या होत्या.

मामांनी घसा साफ केला. "अहो पाव्हणे, पण हा साबण तर..."

"मामा," वहिनी म्हणाल्या, "गिऱ्हाइकाच्या मध्ये बोलायचं नाही."

शेतकऱ्याने वडी दोन्ही हातांनी घेतली, वास घेतला, आणि मामांच्या पुढ्यात येऊन हनुवटी वर केली.

"हात लावून बगा ना, बाबा. कशी मऊ झालीय!"

मामांनी आमच्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि हात लावला. बराच वेळ लावला. मग घड्याळ खिशात टाकून ते होल्डॉलवर बसले आणि म्हणाले, "सूनबाई, स्टोव्ह सोडा. चहा टाका."