जॅझ ऐकण्याच्या पाच सूचना

जॅझ कसं ऐकावं, हे मी एकदा ऐंशी माणसांना माइकवरून शिकवलं आहे. तेव्हा मी वीस वर्षांची होते, आणि जॅझ वाजवणारा माणूस मी तोवर प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता.

पण जालन्यात माझं इंग्रजी शाळेतलं शिक्षण हा एक परवानाच होता. शेजारपाजारचे लोक औषधाच्या बाटल्या, पोस्टातून आलेल्या तारा, नव्या कुकरबरोबर आलेली पुस्तिका, असं सगळं घेऊन आमच्याकडे येत. मला सगळं कळे असं नाही. पण "मला माहीत नाही" म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि त्यापेक्षा गंभीर चेहऱ्यानं वाचून मान हलवणं मला सोपं जाई. लोक त्या मान हलवण्याला विद्वत्ता समजत. हळूहळू मीही समजू लागले होते.

जॅझ मला रेडिओवर भेटलं. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत असताना मी शॉर्टवेव्हवर एक परदेशी स्टेशन लावून कान देऊन बसे. वडील पोस्टात होते. ते घरी आले की दारातूनच म्हणत, "स्टेशन नीट लागलेलं दिसत नाही," आणि चपला काढायच्या आधी येऊन काटा फिरवत. मला सगळ्यांत आवडे ते तिघांचं वाजवणं: पियानो, जाड तारांचं काहीतरी आणि ड्रम. एकाचा माग काढत बसावं, तर बाकीचे दोघं तेवढ्यात भलतीकडे पोचलेले असत. आणि मग अचानक तिघंही एकाच क्षणी एकाच जागी उभे. हे कसं जमतं, या विचारात माझा जेवताना घास हातात राही. फक्त एक गोष्ट खटके. वाजवणं चालू असताना लोक मधेच टाळ्या वाजवत, कोणी कोणी ओरडतसुद्धा. तिकडेही काही लोकांना वळण नसतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शिक्षण संपल्यावर मी त्याच शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवू लागले. आमच्या मुख्याध्यापिका मूळच्या गोव्याच्या. त्यांचा धाकटा भाऊ मुंबईत एका हॉटेलात पियानो वाजवी. एका हिवाळ्यात त्याला आणि त्याच्या दोन साथीदारांना औरंगाबादला, अजिंठा-वेरूळ बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांसमोर वाजवायला बोलावलं होतं. तिथून रविवारी बहिणीला भेटायला तो जालन्याला येणार, आणि दुपारी शाळेच्या हॉलमध्ये तिघं वाजवणार, असं ठरलं. बाईंनी मला बोलावून सांगितलं, पालकांना हे संगीत नवं आहे, कसं ऐकायचं ते तू आधी थोडक्यात सांग.

मी मान हलवली.

शाळेच्या ग्रंथालयात इंग्रजी ज्ञानकोश होता. त्यातला जॅझचा खंड नेमका वाळवीनं खाल्ला होता. 'कॉन्सर्ट'चा खंड मात्र शाबूत होता. त्यात युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांमध्ये लोक कसे निश्चल बसतात याचं सुंदर वर्णन होतं. मी त्यावरून पाच सूचना तयार केल्या. खोकला आला तर रुमाल तोंडाशी धरावा, ही दुसरी. वाजवणं चालू असताना वाहवा, टाळी किंवा कोणताही आवाज करू नये, ही तिसरी. टाळ्या सर्व संपल्यावरच वाजवाव्यात, ही चौथी. पहिली आणि पाचवी आता आठवत नाहीत. तीही तेवढीच निरुपयोगी असणार.

त्याच शनिवारी माझे मामा आले. ते अंबडकडच्या खेड्यात शेती करतात, आणि त्यांची गायन पार्टी आहे. जयंतीला गावोगाव त्यांना बोलावणं असतं. एक गाणारा, एक पेटीवाला आणि ढोलकीवर मामा. ढोलकीचं कातडं बदलायला ते जुन्या जालन्यात आले होते. शाळेत वाजवणारे येणार म्हटल्यावर म्हणाले, "मंग मी बी येतो की. तीन मानसं, एक ड्रमवाला. आमच्यासारखीच पार्टी झाली ना."

ही तुलना मला आवडली नाही. मी त्यांना म्हटलं, "मामा, ते वेगळं असतं." कसं वेगळं, ते त्यांनी विचारलं नाही म्हणून मी वाचले.

रविवारी तिघं टांग्यातून उतरले. डबल बेस नावाचं ते माणसापेक्षा उंच वाद्य गार्डच्या डब्यातून आलं होतं, आणि ते वाजवणारा सडपातळ, अबोल माणूस त्याला आजारी नातेवाइकासारखं सांभाळत हॉलमध्ये घेऊन आला. हॉल भरला. मी कागदावरची नजर न काढता पाचही सूचना मराठीत आणि मग इंग्रजीत वाचल्या. मुख्याध्यापिका दारात पाहुण्यांना बसवत होत्या, तिघं वाद्यं लावत होते. त्यांच्यापैकी कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. ऐकणाऱ्यांचं मात्र पुरेपूर होतं.

पहिल्याच गाण्यात ड्रमवाल्यानं हातात तारांचे ब्रश घेतले. सुपात जोंधळे पाखडावेत तसा आवाज. मग बाकीचे दोघं थांबले आणि तो एकटा वाजवू लागला. पहिल्या रांगेतून मामा फेटा सावरत, खुर्चीतून अर्धे उठत म्हणाले, "अरे वा रे पठ्ठ्या!"

मी भिंतीशी उभी होते. ओठांवर बोट ठेवून मी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं दुसरीच्या वर्गाकडे पाहते. मामा खाली बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून घेतले. मागच्या रांगेतले धान्याचे व्यापारी "क्या ब—" एवढंच म्हणाले आणि उरलेलं त्यांनी गिळलं.

दुसऱ्या गाण्यात पियानोवाल्याला आमच्या शाळेच्या पियानोची मधली एक पट्टी मेलेली सापडली. दाबली की सूर नाही, नुसतं लाकडाचं 'टक'. तो हसला. पुढच्या फेरीत त्यानं मुद्दाम तीच तीनदा दाबली: टक, टक, टक. ड्रमवाल्यानं ते तसंच ड्रमच्या कडेवर घेतलं, उलटं करून परत केलं. बेसवाल्यानं वाद्याच्या पोटावर बोटांनी थाप दिली. मग ते टक-टक तिघांमध्ये असं फिरू लागलं की मोडकी पट्टी कोणती हेच कळेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तशाही अवस्थेत मी हॉलवर पहारा ठेवून होते. एका विद्यार्थ्याचे अब्बा दाद द्यायला हात उचलत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी त्याच हातानं टोपी सारखी केली.

गाणं संपलं. चौथ्या सूचनेप्रमाणे, अजून सर्व संपलेलं नसल्यामुळे, कोणीही टाळी वाजवली नाही. पियानोवाला वाकून अभिवादन करायला उठला होता. तो तसाच खाली बसला.

अशी पाच गाणी झाली. मध्यंतरात मी चहाचा ट्रे घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी गेले, तेव्हा आत इंग्रजीत बोलणं चालू होतं.

"एक माणूससुद्धा हलत नाही रे," ड्रमवाला म्हणत होता. "मयताला आल्यासारखे बसलेत."

"त्यांना नाही आवडलं, तर नाही आवडलं," पियानोवाला म्हणाला. "ताईला वाईट वाटू नये म्हणून एक शेवटचं वाजवू आणि चारच्या गाडीनं निघू."

बेसवाला म्हणाला, "पहिल्या रांगेतला तो फेटेवाला मला वाटलं समजतोय. मग त्यालाही कंटाळा आला."

मी ट्रे दारातच स्टुलावर ठेवला आणि परत फिरले. हे तिघं, ज्यांच्यासारखं काहीतरी मी वर्षानुवर्षं खरखरीतून वेचून ऐकलं होतं, ते आपण या गावाला आवडलो नाही असं समजून निघून जाणार होते. आणि खरं काय ते एकट्या मलाच माहीत होतं. आत जाऊन चार वाक्यं बोलायची होती, तीही इंग्रजीत, जी माझी खास विद्या. मी मामांकडे गेले.

"मामा, आता वाहवा केली तरी चालेल."

"म्हंजे? नियम बदलला का?"

"हो."

"कोनी बदलला?"

"मी."

मामांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढून चोळले. "माझ्या हाताला मुंग्या आल्यात बाई. त्यो गडी समेवर येतच न्हाई, आजूबाजूनं फिरून राह्यला, पन बिलकुल हरवला न्हाई. आन मी गप! आमच्या गावात असं गप बसलं तर वाजवनारा म्हनंल, घरी जातो."

"तेच म्हणतायत ते. तुम्ही सांगा ना सगळ्यांना."

"मी कशाला? माइकवर बोलायला मी गेल्तो का? जा जल्दी."

माइकपर्यंतचं अंतर दहा पावलांचं असेल. तिघं परत येऊन जागेवर बसत होते. मी माइक धरला. क्षमा मागायची, चूक माझी होती म्हणायचं, असं ठरवून गेले होते. तोंडातून आलं ते असं: "सूचना क्रमांक तीन आणि चार रद्द करण्यात येत आहेत."

मग मामांचा आवाज: "मंग आता वाहवा करायची का, मॅडम?"

"करा."

"कुठं करायची ते बी सांगून ठेवा. पुन्हा बोट दाखवाल."

लोक हसले. "जिथं करावीशी वाटेल तिथं," मी म्हटलं, आणि मग वळून तिघांना इंग्रजीत सांगितलं, की यांना सगळं आवडलं आहे, यांना गप्प मी बसवलं होतं. पुस्तकात वाचून. पियानोवाला बहिणीकडे पाहू लागला. बाई कपाळाला हात लावून हसत होत्या. ड्रमवाला तर काठ्या खाली ठेवून हसला.

नंतरचा एक तास मी भिंतीशी उभी नव्हते, मामांशेजारी बसले होते. हॉल सुटला होता. व्यापाऱ्यांनी मघाशी गिळलेलं सगळं बाहेर काढलं. ड्रमवाला मामांकडे बघून वाजवू लागला आणि मामा बोटांवर मोजत, चुकत, पुन्हा मोजत, शेवटी मोजणं सोडून "हाय हाय" करू लागले. चारची गाडी शिट्टी देऊन गेली. कोणी घड्याळ पाहिलं नाही.

मी मात्र अजून एक अक्षरही काढलं नव्हतं. परवानगी दिलेली मी, आणि मलाच ती वापरता येत नव्हती. मग बेसवाला एकटा वाजवू लागला. इतकं हळू, की ऐंशी माणसं कोणी न सांगता गप्प झाली. त्यानं डोळे मिटले होते. एक छोटीशी तान खाली उतरत गेली, आता संपली असं वाटलं, आणि तिथूनच कशीतरी वर वळली.

"वा!" मी म्हणाले. चांगलंच मोठ्यानं. त्या शांततेत ते ताट पडल्यासारखं वाजलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जागा जरा अलीकडं व्हती," मामा कानाशी पुटपुटले.

बेसवाल्यानं डोळे उघडून आवाजाच्या दिशेनं पाहिलं. मग ती तान त्यानं पुन्हा घेतली, या वेळी आणखी सावकाश, आणि वळणाच्या आधी थांबून राहिला. मामांनी मला कोपरानं ढोसलं. "अगं, थांबलाय त्यो तुझ्यासाठी."

मी नुसती मान हलवली. ते त्याला पुरलं असावं, कारण तान वर गेली.