गार पाण्यातला शर्ट

नव्या गुन्हेमालिकेचा पहिला भाग काल लागला आणि आज गल्लीत जो तो फौजदार होऊन बसला. लाँड्रीच्या फळीपाशी सकाळपासून तपास चालू. "मी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं, दीरच तो," कंपाउंडर म्हणाला. मागच्या मालिकेतही त्याने दीरच ओळखला होता आणि निघाली होती नणंद, पण ते त्याला कोण सांगणार? शिंपीणबाईंना नायिकेचं मरणच पटलं नव्हतं. "जिन्यावरून पडलेलं माणूस असं केस विंचरून पडतं होय?"

डागकाका मुकाट्याने इस्त्री फिरवत होते. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाची कधी कुणाला गरजच पडली नाही. शाई असो, गंज असो, वंगण असो, "माझ्या हातून डाग राहत नाही," असं ते छातीठोक सांगत, आणि ते खरंही होतं. दुसरा नियम वडिलांकडून आलेला. गिऱ्हाइकाला डागाची उलटतपासणी करायची नाही. तो सांगेल ते ऐकायचं आणि कामाला लागायचं.

काल टीव्हीसमोर मात्र त्यांनी उचललेला घास खाली ठेवला. मालिकेतला नवरा शर्ट घेऊन लाँड्रीत आला, म्हणाला, ऑइलपेंट लागलाय. लाँड्रीवाल्याने मान डोलावली आणि शर्ट गार पाण्याच्या बादलीत टाकला. काकू खो खो हसल्या. "अहो, बघा की, ऑइलपेंट गार पाण्यात! टर्पेंटाइन लावायचं सोडून? या लोकांनी लाँड्रीचं तोंड तरी पाहिलंय का?" काका हसले नाहीत. ताटही तसंच राहिलं.

मालिकावाल्यांचं काही चुकलं नव्हतं, हे काकांइतकं कुणाला ठाऊक असणार?

अकरा वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंचा जावई असाच दुकान उघडता उघडता आला होता. आकाशी शर्ट, उजव्या बाहीवर डाग. "खिडक्या रंगवत होतो," म्हणाला. काकांचा हात टर्पेंटाइनच्या बाटलीकडे गेलाच नाही. हाताने आपसूक गार पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं. तोंड खोटं बोलतं, हाताला ते जमत नाही. दुपारी कळलं, बाईंची लेक जिन्यावरून पडून गेली. तोवर शर्ट दोरीवर वाळत होता. तिसऱ्या दिवशी काका भेटायला गेले, तर जावई तोच शर्ट घालून आल्यागेल्याला पाणी देत होता. काकांनी त्याच्या हातून पेला घेतला. प्यायलेसुद्धा. त्याची लाज त्यांना आजही वाटते.

दहाच्या सुमाराला गर्दी पांगली आणि बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. वर्षातून एकदा त्या लेकीची शाल धुवायला आणत. कुणी न पांघरलेल्या शालीला कसला डाग, पण काका धुऊन देत.

"बाई, पाहिलंत का काल?" काकूंचा विषय अजून संपला नव्हता. "मला मेलीला हसू आवरेना. रंगाला म्हणे गार पाणी."

"मग गार पाण्यात काय घालतात?" बाईंनी विचारलं, वर्गात विचारावं तसं.

"रक्ताचं कापड," काकू सहज म्हणाल्या. "गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं. आमच्या धंद्यात कुणालाही कळतं ते."

"म्हणजे त्या लाँड्रीवाल्याला कळलं होतं," बाई म्हणाल्या आणि शाल फळीवर ठेवली.

इथे गप्प बसता आलं असतं. अकरा वर्षं जमलं होतं, आणखी पाच मिनिटं काय जड होती? पण काकांनी इस्त्री उभी केली.

"बाई, जरा बसा. तुमची लेक गेली त्या सकाळी जावयाचा शर्ट माझ्याकडे आला होता. रंग लागलाय म्हणाला. मी तो गार पाण्यात टाकला."

काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या. बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी विचारलं, "निघाला डाग?"

"निघाला."

"सगळा?"

काकांची मान खाली गेली. "माझ्या हातून राहत नाही, बाई."

बाई उठल्या. फळीवरची शाल त्यांनी उचलून पोटाशी धरली.

"मग ही तुमच्या हातून नको धुवायला," त्या म्हणाल्या.