शेखचा खांदा

अब्बा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना रिकामं पितळी काडतूस हाती आलं, फटाक्यासारखा जळका वास अजून असलेलं. जेद्दाच्या बलद या जुन्या बाजारात अब्बा शिकारीच्या सामानाच्या दुकानात कामाला होते. नव्या नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाशी सौदी माणसानेच बोलायचं, नाहीतर दुकानाला दंड. अब्बांनी नव्या सौदी विक्रेत्याला फक्त शिकवायचं आणि मग कायमचं घरी परतायचं. त्या शेवटच्या आठवड्यात मी तिथे बसलो होतो. आफ्रिकेत हरणाच्या शिकारीला निघालेल्या एका म्हाताऱ्या शेखने दीडशे पावलांसाठी सर्वांत जड काडतूस मागितलं. विक्रेता ते काढू लागला, तसे अब्बा त्याला हळूच म्हणाले, "विचार, बंदुकीच्या धक्क्याने खांदा दुखतो का?" हातभर अंतरावरच्या शेखला त्याने गंभीरपणे विचारलं. "सांग त्यांना, दुखतो," शेखही विक्रेत्यालाच म्हणाला. "मग गोळी झाडताना डोळे मिटतील, नेम चुकेल, जनावर तडफडेल. हलकं दे," अब्बा विक्रेत्याला म्हणाले. शेख अब्बांकडे बघून हसला. "यल्ला, चल, हलकंच दे." दोन महिन्यांनी रत्नागिरीला हे काडतूस आलं, सोबत विक्रेत्याची चिठ्ठी: 'शेख म्हणतात, हाजींना सांग, एकाच गोळीत पडलं, तडफडलं नाही.' आज मलाही अब्बांना बरंच सांगायचंय. मधे उभं राहून निरोप पोचवणारं मात्र कोणी नाही.