अर्धा टक्का

नागलीच्या गरम पिठाचा वास आला की मला बँकेचे ते साहेब आठवतात. जव्हारच्या बाजारात माझी गिरण भाड्याच्या गाळ्यात होती आणि मालक तो गाळा विकायला निघाला होता. तो विकत घ्यायला सरकारी हमीचं कर्ज दोन बँका द्यायला तयार होत्या. ठाण्याची बँक अर्धा टक्का स्वस्त होती, म्हणून मी गावातल्या बँकेत भांडायला गेलो. "साहेब, अर्धा टक्का सोडा, नाहीतर मी चाललो ठाण्याला." "जा की, शेठ. पण दिवाळीनंतर पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर जगायला जातात, तेव्हा तुमच्याकडे दळायला कोण येतं?" "कुत्रंसुद्धा येत नाही." "मग त्या महिन्यांचे हप्ते थकल्यावर ठाणेवाले काय नेतील? गाळाच ना?" मी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी दिवाळी ते होळी नुसतं व्याज आणि माणसं गावात असताना मोठे हप्ते, असं बांधून दिलं. सही करताना मी पुन्हा अर्ध्या टक्क्याचं काढलं. "चहा पाजतो, शेठ," ते म्हणाले आणि खरोखर फक्त चहाच पाजला. आज गाळा माझा आहे. दिवाळीनंतर बाजार ओस पडला, की बंद गिरणीपाशी बसून मी त्यांना मनोमन हात जोडतो. अर्धा टक्का मात्र त्यांनी सोडायला हवा होता.