तांदळाच्या डब्यातला फोन

अफीचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटात रिकाम्या बाटल्या अनामत परत देणाऱ्या मशीनमध्ये सरकवत होतो. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून आधी उचललाच नाही. पुन्हा वाजला. "मिलिंद, मी बहिणीच्या फोनवरून बोलतेय," ती म्हणाली, "कोकू येणार नाहीये." मला वाटलं, तिकीट पुढे ढकललं असेल. "मग कधी येतोय?" असं मी विचारलंसुद्धा. तिने फक्त माझं नाव पुन्हा घेतलं. मशीनने माझी बाटली परत बाहेर ढकलली, मागचा म्हातारा खाकरला, आणि मला कळलं. अफीचा नवरा कोकू, हॅनोव्हरच्या आमच्या ऑफिसात वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा माझा मित्र, आईला मूठमाती द्यायला टोगोला गेला होता. तिथेच गेला. झोपला तो उठलाच नाही. हृदय, म्हणे.

ब्लडप्रेशर होतं त्याला. कॅन्टीनमध्ये त्याच्या हातातली मिठाची डबी मीच काढून घ्यायचो. त्यामुळे 'हृदय' यावर विश्वास ठेवायला माझी काही हरकत नाही. मी ठेवतोही. दिवसाउजेडी ठेवतो.

कोकू म्हणजे बुधवारी जन्मलेला. त्यांच्या एवे लोकांत जन्मवारावरून नाव ठेवतात, अफी शुक्रवारची. हे कळल्यावर मी म्हटलं, "अरे, मग तू आमचा बुधाजी!" तेव्हापासून ऑफिसात मी त्याला बुधाजीच म्हणायचो आणि तो जर्मन शिस्तीत "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून मान डोलवायचा. त्याचा देश नकाशावर पडवळ उभं धरावं तसा आहे. डावीकडे घाना, उजवीकडे बेनिन, वर कोरडा माळ, तिथली माणसं वेगळी, बोली वेगळ्या, आणि खाली समुद्राला टेकलेलं चिमूटभर टोक. कापूस, कॉफी, जमिनीतून काढलेलं फॉस्फेट आणि राजधानी लोमेचं खोल बंदर, यावर सगळं चालतं. वरच्या, समुद्र नसलेल्या देशांचा मालसुद्धा तिथेच उतरतो. आधी जर्मनांनी राज्य केलं, मग फ्रेंचांनी. "तुला एकच साहेब मिळाला," तो मला चिडवायचा, "मला दोन सासरं!"

त्याचं गाव बंदराच्या पूर्वेला, अगदी किनाऱ्यावर. बंदराची भिंत वाळू अडवते, त्यामुळे पुढच्या गावांकडे वाळू पोचत नाही आणि समुद्र दरवर्षी आत सरकतो. आधी नारळीची रांग गेली. मग शाळा गेली. मग वडिलांची कबर. "बंदर देशाला जेवायला घालतं आणि माझं गाव खातं," असं तो एकदा अगदी सहज म्हणाला, आणि मग फोटोकॉपीचा कागद संपलाय म्हणून उठून गेला. आई मात्र घर सोडायला तयार नव्हती. लाटा रात्री ओट्याखाली वाजायच्या तरी नाही.

माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा कोकू पहिल्यांदा जेवायला आला. तिकडच्या राजकारणाचा विषय निघाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून फोन काढला, ओट्यावरचा तांदळाचा डबा उघडला आणि फोन खोल तांदळात खुपसून झाकण लावलं. "अगं बाई! अन्नात फोन?" आई ओरडली. "फोनला कान असतात," असं म्हणून मग तो बोलायला लागला, पण राज्यकर्त्याचं नाव काही घेईना. वडिलांनी राज्य केलं, मग मुलगा बसला, आमच्या सगळ्या आयुष्यात तेच एक घराणं, हे सगळं त्याने सांगितलं, पण नुसतं 'ते' असं, आवाज उतरवून. मी आईला मराठीत सांगत होतो. आईने विचारलं, "हा कुणाबद्दल बोलतोय रे? माझ्यासारखं बोलतोय. मी तुझ्या वडिलांचं नाव घेत नाही ना, तस्सं." मी ते जर्मनमध्ये सांगितल्यावर कोकू हसून हसून लोळला. 'अहो' हा शब्द त्याने त्याच दिवशी पाठ केला. पुढे फोनवर बिनधास्त विचारायचो, "काय रे, अहो कसे आहेत?" तो म्हणायचा, "अहो ठणठणीत." जगात कुणाला काय कळणार होतं! आम्हाला केवढी मजा वाटायची.

मग तिकडे राज्यघटना बदलली. पदाचं नाव नवं, माणूस तोच. हॅनोव्हरच्या हाउप्टबानहोफसमोर, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनासमोर, थंडीत त्यांची चार माणसं झेंडे घेऊन जमली, मीही सोबत गेलो. कोकू नुसता बघायला गेला होता, खरंच सांगतो. कुणीतरी माइक पुढे केला. त्याने तो हातात धरला आणि नाव घेतलं. आडनावासकट, खणखणीत. परत येताना ट्राममध्ये मी त्याला उखाणा समजावून सांगितला. "आमच्या बायका नाव घेतात ना, ते असं चारचौघांत, आणि सगळे टाळ्या वाजवतात. तू उखाणा घेतलास बुधाजी!" तो हसला नाही. म्हणाला, "टाळ्या वाजवणारे दिसले रे. व्हिडिओ कोण काढत होतं ते पाहिलंस?"

काही आठवड्यांनी त्याच्या आईकडे दोन माणसं आली. इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. ओट्यावर बसली, पाणी प्यायली. जर्मनीतला मुलगा बरा आहे ना, कधी येणार आहे, असं विचारून, तिला नमस्कार करून गेली. कोण होती, कुणी पाठवली, कुणाला ठाऊक. कदाचित खरंच ओळखीची असतील. आई मात्र हरखून गेली होती. "किती चांगली मुलं! तुझी आठवण काढत होती," असं तिने फोनवर सांगितलं. कोकूने हे मला सांगितलं तेव्हा आमच्या टेबलांमधला हीटर चालू होता, आणि तरी त्याने कोट घातला.

ती माणसं म्हणे पुन्हा एकदा येऊन गेली. आणि मग आईच गेली. मी त्याला म्हटलं, जाऊ नकोस. हात जोडून म्हटलं. भावाला करू दे, पैसे पाठव, व्हिडिओवर बघ. "जर्मन पासपोर्ट आहे माझा," तो म्हणाला. मग स्वतःलाच ते पटलं नसावं. "थोरला मी आहे, मिलिंद. वडिलांची कबर पाण्यात गेली. आईला आत, उंचावर ठेवायचंय, ते मीच बघायला हवं. तुझी आई गेली तेव्हा तू गेलास ना?" गेलो होतो.

स्टेशनवर सोडायला गेलो तर त्याने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. सोबत साधा बटणांचा नेत होता. "तांदळात ठेव," म्हणाला, "आलो की घेतो." गाडीत चढताना वळून ओरडला, "अहोंना नमस्कार सांगतो!" शेजारची जर्मन बाई दचकली. मी हसलो. तो मात्र तेवढ्यात हसायचा थांबला होता, काचेतून पाहिलं मी.

त्याची आई उंचावर आहे, असं अफी म्हणाली. तेवढं त्याने केलं. तोही तिच्या शेजारीच आहे. तिने एकच विनंती केली: लिहायचं तर देशाचं नाव लिही, वाराचं नाव लिही, आडनाव नको. बुधवारी जन्मलेले तिथे हजारो आहेत.

फोन अजून आमच्या डब्यात आहे. कोकू परतायचा होता म्हणून वृषालीने, माझ्या बायकोने, आदल्याच दिवशी चार्ज करून पुन्हा तांदळात ठेवला होता. अफीने कळवलं त्या संध्याकाळी फोन आतल्या आत गुरगुरला. बराच वेळ. आम्ही दोघं ओट्यासमोर उभे होतो, झाकण कुणीच उघडलं नाही. पुढे तो आपोआप बंद पडला. अफी म्हणते, मला नको तो. आम्हाला टाकवत नाही. वृषाली रोज त्याच्या बाजूने वाटीने तांदूळ काढते.

काल हा लेख तिला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि हळूच विचारलं, "त्यांचं नाव घेतलंयस का रे कुठे?"

"कुणाचं?"

"अहोंचं."

आमच्या इमारतीत मराठी कळणारं आम्हा दोघांशिवाय कुणी नाही. तरी मी आधी उठलो, माझा फोन तांदळात खुपसला, झाकण दाबून लावलं, आणि मग म्हटलं, "नाही."